चालत्याबोलत्या माणसाची तपासणी

‘मले काय धाड भरली?’ गावात आरोग्य शिबिराचा मंडप पडला आणि कोणी ‘चल, तपासून घे’ म्हटलं, की बुलढाणा जिल्ह्यातल्या कष्टकरी माणसाचं हे ठरलेलं उत्तर असतं. पहाटे उठला, धार काढली, वावरात दिवसभर डवरणी केली, भाकर गोड लागली, रात्री पाठ टेकताच झोप लागली. तब्येतीचा याहून वेगळा पुरावा त्याच्याकडे आजवर कोणी मागितलेला नाही. त्याचाच मुलगा पुण्यात नोकरीला असतो. त्याच्या मोबाइलवर जाहिरात येते: हजार-दीड हजार रुपयांत साठ-सत्तर तपासण्या, रक्त न्यायला माणूस घरी येणार. तो दर वर्षी ‘फुल बॉडी चेकअप’ करून घेतो आणि रिपोर्टात एखादा आकडा ठळक छापून आला की महिनाभर त्या आकड्यामागे धावतो. बापाने उभ्या आयुष्यात दंडाला बीपीचा पट्टा बांधून घेतलेला नाही. मुलाला स्वतःचं व्हिटॅमिन डी तोंडपाठ आहे. काहीही दुखत नसताना तपासून घ्यावं का, या प्रश्नाची ही दोन टोकं एकाच घरात नांदतात. यावर जगभर भरपूर संशोधन झालं आहे, आणि त्यातलं फार मोलाचं काम महाराष्ट्रातल्याच खेड्यांत झालं आहे.

आधी मुलाच्या बाजूचा हिशेब. निरोगी माणसांना बोलावून सरसकट सर्वांगीण तपासणी केली तर ती जास्त जगतात का, हे पाहणारे प्रयोग कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी २०१२ साली एकत्र तपासले आणि २०१९ साली नव्या माहितीची भर घालून पुन्हा तपासले. १७ प्रयोग, अडीच लाखांहून जास्त माणसं. एका गटाला तपासणीला बोलावलेलं, दुसऱ्याला नाही. काही वर्षांनी मोजदाद केली तेव्हा दोन्ही गटांत मृत्यूंचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. कर्करोगाने जाणाऱ्यांत फरक नव्हता आणि हृदयविकाराने जाणाऱ्यांतही सांगण्यासारखा फरक नव्हता. डेन्मार्कमध्ये साठ हजारांच्या आसपास माणसांवर एक मोठा प्रयोग झाला. तिथे तपासणीच्या जोडीला पाच वर्षं आहार-व्यायामाचं समुपदेशनही दिलं होतं. दहा वर्षांनी हृदयविकाराच्या प्रमाणात काही फरक पडलेला दिसला नाही.

हे निष्कर्ष पहिल्यांदा वाचताना मलाही पटायला जड गेले. पण त्यामागची कारणं समजून घेतली की कोडं सुटतं. पहिलं कारण गणिताचं आहे. प्रयोगशाळा ‘नॉर्मल’ची हद्द ठरवते ती साधारणपणे शंभर निरोगी माणसांपैकी ९५ जण तिच्या आत बसतील अशी. म्हणजे धडधाकट माणसाचाही एखादा आकडा हद्दीबाहेर जाण्याची शक्यता पाच टक्के. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर त्यातली निदान एक तरी ‘बिघडलेली’ येण्याची शक्यता ६४ टक्क्यांवर जाते. पॅकेजमध्ये तर साठ असतात. मग पुन्हा रक्त, मग सोनोग्राफी, मग मोठ्या शहराची वारी, आणि शेवटी ‘काही नाही’. ते ‘काही नाही’ ऐकेपर्यंत पैसा गेलेला असतो, झोपही गेलेली असते.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. काही गाठी शरीरात जन्मभर निमूट पडून राहतात आणि कधीच त्रास देत नाहीत. त्या शोधायला निघालं की सापडतात, आणि सापडल्या की कापल्या जातात. दक्षिण कोरियात इतर तपासण्यांबरोबर गळ्याची सोनोग्राफीही स्वस्तात मिळू लागली. १९९३ ते २०११ या काळात तिथे थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान १५ पटींनी वाढलं. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. हजारो माणसांच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या आणि जन्मभराची गोळी मागे लागली. पॅकेजमध्ये ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून घातलेल्या रक्ततपासण्यांचं गोत्र हेच. आजार झालेल्याच्या उपचाराचा मागोवा घ्यायला त्या उपयोगी आहेत, धडधाकट माणसाच्या चाळणीसाठी त्या बनलेल्या नाहीत. ईसीजीबद्दलही लोकांचा मोठा गैरसमज आहे. आज स्वस्थ बसून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणजे उद्या झटका येणार नाही, अशी हमी कोणताही डॉक्टर देणार नाही.

मग बापाचं बरोबर म्हणायचं का? इथे घाई नको. कॉक्रेनच्या आढाव्यातले प्रयोग युरोप-अमेरिकेतले आणि बरेचसे जुने आहेत. तिथल्या ज्या माणसांना तपासणीला बोलावलं नव्हतं, त्यांनाही वर्षाकाठी कुठल्या ना कुठल्या निमित्ताने डॉक्टर भेटत होता आणि त्यांचं बीपी मोजलं जात होतं. दोन गटांत अंतर न पडण्याचं हेही एक कारण असावं. मेहकर-लोणारकडच्या वाडीवरचा शेतकरी डॉक्टरकडे जातो तो ताप उतरेनासा झाला की, आणि तेही सोंगणी आटोपल्यावर. दुखणं अंगावर काढण्याची आपल्याकडे रीतच आहे. जिथे काहीच तपासलं जात नाही तिथे नेमकं थोडं तपासलं तर काय होतं, याचं उत्तर डेन्मार्क देऊ शकत नाही. ते तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याने दिलं.

त्या जिल्ह्याशेजारच्या बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. तिथे १९८७ साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्या नोंदींमुळे हे कळलं होतं की गर्भाशयमुखाचा कर्करोग खेड्यातल्या बायकांना मोठ्या प्रमाणात होतो आणि बहुतेकींना तो कळतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. १९९९च्या सुमारास बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. सगळ्या चालत्याबोलत्या, बहुतेकींची अशी तपासणी आयुष्यात कधीच झालेली नव्हती. काही गावांत या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, काहींत व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि उरलेल्या गावांत नेहमीचीच व्यवस्था. बहुतेक काम प्रशिक्षित परिचारिकांनी केलं. प्रत्येकीची तपासणी एकदाच.

आठ वर्षांच्या पाठपुराव्याचा निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांत काही केलं नव्हतं तिथे या कर्करोगाने ६४ बायका गेल्या होत्या. एचपीव्ही तपासणीच्या गावांत ३४. आयुष्यात एकदा केलेल्या एका तपासणीने मृत्यू निम्म्यावर आणले होते. बाकीच्या दोन पद्धतींना एकाच फेरीत तेवढं यश आलं नाही. पण आम्लाच्या पाहणीबद्दलचं दुसरं उत्तर मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून आलं. टाटा स्मारकाने १९९८ साली तिथल्या दीड लाख बायकांमध्ये काम सुरू केलं. तपासणाऱ्या होत्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, खास तयार केलेल्या आरोग्यसेविका. हीच पाहणी दर दोन वर्षांनी केली तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच बायकांचे स्तन हातांनी तपासण्याचं कामही चालू होतं. वीस वर्षांनंतरचा हिशेब २०२१ साली आला: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनांच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी, पन्नाशीच्या आतल्यांत मात्र तसा फायदा दिसला नाही.

या दोन्ही प्रयोगांवर पुढे कडक टीका झाली. तुलनेसाठी निवडलेल्या हजारो बायकांना इतकी वर्षं तपासणीविना ठेवणं न्याय्य होतं का, असा तो सवाल होता आणि तो रास्त होता. त्या बायकांनी मोजलेल्या किमतीवर आपल्याला हे ज्ञान मिळालं आहे. म्हणूनच ते कपाटात पडून राहणं मला फार लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं की गर्भाशयमुखाची तपासणी कधी करून घेतली आहे का. देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत.

कर्करोगाची बात झाली. बीपी आणि साखरेचं प्रकरण त्याहून व्यापक आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. दोन्ही आजार वर्षानुवर्षं गप्प असतात. ‘मी तर सडपातळ आहे’ हा दिलासा आपल्याकडे चालत नाही, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलं. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी २००४ साली स्वतःचाच दाखला छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही २२.३; पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली माणसं दिसायला काटक असतात आणि चरबी आत, पोटाभोवती साठलेली असते. धोतर-सदऱ्यातला किडकिडीत शेतकरी मधुमेही निघतो तो याच वाटेने. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांना १९९५ साली, पंचेचाळिशीच्या आतच हृदयविकाराचा झटका आला. साधी राहणी, स्वतः डॉक्टर, इतरांच्या आरोग्यासाठी रात्रंदिवस राबणारा माणूस. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या त्यांच्या पुस्तकाने मराठी घराघरांत हा विषय नेला.

अशा गप्प आजारांसाठी सरकारी व्यवस्था कागदावर तरी चांगली आखलेली आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी आणि साखर दर वर्षी, तर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची पाहणी दर पाच वर्षांनी व्हावी, असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. हे सगळं गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, फुकट. त्याआधी आशाताई घरी येऊन एक कागद भरते: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कोणाला बीपी-शुगर आहे का. प्रत्येक उत्तराला गुण असतात आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी बोलवायचं. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९०च्या पुढे गेली की गुण चढू लागतात. साध्या टेपने होणारी ही तपासणी कोणत्याच पॅकेजमध्ये नसते आणि ती बरंच काही सांगून जाते.

मोहिमाही आल्या: २०२२च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’, पुढच्या वर्षी पुरुषांसाठी ‘निरोगी आरोग्य तरुणाईचे’, २०२५च्या सप्टेंबरात ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’. मोहिमांनी माणसं मंडपापर्यंत येतात, याचं मला मोल आहे. पण शिबिरातली घाई मी अनेकदा पाहिली आहे. माणूस उन्हातून चालत येतो, रांगेत उभा राहतो, चहा घेतो, तंबाखू मळतो आणि लगेच त्याच्या दंडाला पट्टा बांधतात. आकडा १५० येतो. त्याला ‘बीपी आहे’ म्हणून सांगतात, कागद हातात देतात, आणि तो कागद छपराच्या वाशात खोचला जातो. खरं तर पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून शांत बसल्यावर दोनदा मोजावं, आणि १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यानंतर ज्याला खरोखर बीपी निघेल त्याला महिन्याच्या महिन्याला गोळी मिळाली पाहिजे. सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत २०१८च्या सुमारास सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रणाच्या कामाचा सगळा भर यावरच होता: गोळ्या संपू द्यायच्या नाहीत, उपचार ठरलेल्या क्रमाने द्यायचे, आणि जो आला नाही त्याला शोधून आणायचं. तपासणीमागे हा पाठलाग नसेल तर ती केवळ मोजणी ठरते.

आता खास बुलढाण्याचं. हा जिल्हा घाटावर एक आणि घाटाखाली दुसरा आहे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा लागतो. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडच्या गावांत विहिरीचं आणि बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट, आणि किडनीच्या आजाराची तक्रार तिथे कित्येक वर्षांची. इथे पुण्या-मुंबईचं पॅकेज गैरलागू ठरतं, पण त्यातली एक तपासणी मोलाची ठरते: रक्तातलं क्रिएटिनिन, आणि त्याच्या जोडीला लघवीतलं प्रथिन. क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं निम्मं काम गेलेलं असू शकतं, म्हणून लघवीची तपासणी सोडू नये. ज्यांना बीपी किंवा शुगर आहे, ज्यांच्या घरात किडनीचा रुग्ण झालेला आहे, जे अंगदुखीसाठी मेडिकलवरून गोळी आणून रोज खातात, त्यांनी तर ती सोडूच नये. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यांत आयुष्यात एकदा सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाची तपासणी लग्नाआधी झालेली बरी. आणखी एक बारीक गोष्ट. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. राष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण ५४.२ टक्के आलं. लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी ही तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी चुकीचं वाढीव उत्तर देऊ शकते, आणि सिकलसेलमध्येही ती भरवशाची राहत नाही. म्हणून त्या एका आकड्यावर मधुमेहाचा शिक्का घेऊ नये. उपाशीपोटीची साखर बघावी.

आणि काही धोके असे, की एकेका माणसाला तपासून ते हाती लागत नाहीत. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड, हिंगणा या गावांतून सुरुवात होऊन माणसांचे केस तीन-चार दिवसांत गळू लागले. १८ गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाला. पाण्यावर, विषाणूवर संशय घेऊन झाला. मुलींची लग्नं अडली, पोरं शाळेत जाईनात. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर स्वतः गावांत आले. रुग्णांचं रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू त्यांनी तपासून घेतला, आणि रेशनच्या गव्हातून अंगात गेलेल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. सेलेनियम कुठल्याही चेकअपमध्ये नसतं. ज्या सरकारला नागरिकांनी वेळेवर तपासून घ्यावं असं वाटतं, त्याने गावचं पाणी आणि दुकानातलं धान्यही तितक्याच नेमाने तपासावं, ही मागणी बुलढाण्याच्या माणसाने करायलाच हवी.

तंबाखूबद्दल बोलल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि पानटपरीवर तो आजही मिळतो. तिरुवनंतपुरममध्ये १९९६ पासून आरोग्यसेवकांनी नुसत्या उजेडात तोंड बघण्याचा प्रयोग केला. तंबाखू-दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. व्यसन नसलेल्यांना त्याचा फायदा दिसला नाही. नेमकं तपासणं म्हणतात ते असं. तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, घास तिखट लागत असेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर शिबिराची वाट बघू नये.

माझं मत विचाराल तर तिशी-चाळिशीच्या धडधाकट माणसाला वर्षातून एकदा बीपी, वजन आणि कंबर, एकदा उपाशीपोटी साखर, आणि तंबाखू खात असेल तर तोंडाची पाहणी एवढं पुरेसं आहे. बाईने तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. एचपीव्हीची मिळाली तर उत्तमच. चाळिशीपुढे कोलेस्टेरॉलची भर घालावी. खारपाणपट्ट्यात किडनीची. बाकीचं डॉक्टरने अंगावर काही पाहिलं तर. ज्याला आयकर लागतो आणि जो जुन्या पद्धतीने तो भरतो, त्याला अशा तपासण्यांवर ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. पण वजावट मिळते म्हणून रक्त द्यायला बसू नये. आणि हे सगळं चालत्याबोलत्या माणसापुरतं. छातीत दाब येणं, पायऱ्या चढताना दम लागणं, पाळी गेल्यानंतर अंगावरून जाणं, खोकल्यातून रक्त पडणं ही लक्षणं आहेत. तिथे तपासावं की नाही हा प्रश्नच उरत नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जिल्ह्यात २०२४ पासून बुलढाण्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून उपचाराला पैसे लागत नाहीत.

या पेरणीआधी एक सकाळ राखून ठेवा. चहा-तंबाखू न घेता उपकेंद्रात जा, जाताना बायकोला आणि आईलाही सोबत न्या, आणि मिळालेला कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. आशाताई कागद भरायला दारात आली तर तिला बसायला सतरंजी टाका, आणि तंबाखूचा प्रश्न आला की खरं सांगा.